तारीख पुढे गेली तेव्हा



कॅन्सरवर उपचार चालू असलेल्या घरातलं कॅलेंडर वेगळं असतं. त्यात सणवारांपेक्षा तारखा महत्त्वाच्या. केमोची तारीख, रक्त तपासायची तारीख, स्कॅनची तारीख. रक्तपेशींचे काउंट बरे आले तर केमो, कमी आले तर आठवडाभर थांबायचं. दुखणं मोठं असलं तरी पुढची तारीख माहीत असली की माणूस तग धरतो. 24 मार्च 2020 च्या रात्री करोनामुळे टाळेबंदी जाहीर झाली आणि या तारखाच डळमळल्या.

मुंबईत परळचं टाटा कॅन्सर रुग्णालय त्या काळात बंद नव्हतं. 23 मार्च ते 30 एप्रिलपर्यंत तिथे कॅन्सरच्या 494 शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतला एकही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला नाही. पण तिथवर पोचायचं कसं? लोकल बंद, एसटी बंद, जिल्ह्याच्या हद्दीवर नाकाबंदी. देशातल्या 41 कॅन्सर केंद्रांच्या नोंदी पाहिल्या, तर त्या मार्च ते मे महिन्यांत नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीपेक्षा 54 टक्क्यांनी घटली होती. आजार काही घटला नव्हता. माणसं घरात अडकून पडली होती.

त्यांच्या मनात दोन भीती होत्या आणि दोन्ही खऱ्या. रुग्णालयात जावं, तर केमोनं आधीच पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, तिथे संसर्ग झाला तर? न जावं, तर गाठ वाढली तर? अशा वेळी झोप उडणारच. त्याला मनाचा दुबळेपणा म्हणणं हा अन्याय आहे.

एरवी अशी भीती वाटून घ्यायला माणसं असतात. केमोच्या खुर्चीशेजारी बहीण बसते, बाहेर भाऊ फाईल सांभाळतो, शेजारच्या खाटेवरची बाई स्वतःचा अनुभव सांगते. महासाथीत सोबतीला एखादंच माणूस, तेही कित्येकदा दाराबाहेर. घरी आल्यावर सगळे म्हणणार, "घाबरायचं नाही, हिंमत ठेवायची!" सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यानंतर भीती बोलून दाखवायची चोरी होते. घरच्यांना त्रास नको म्हणून रुग्ण हसतो आणि रात्री जागा राहतो.

आणखी एक अडचण आहे. भूक मंदावणं, थकवा, झोप न लागणं ही नैराश्याची लक्षणं, आणि केमोचीही तीच. केमोसोबत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडनं झोप उडते, चिडचिड होते. त्यामुळे घरचे म्हणतात, औषधाचा परिणाम आहे, होईल कमी. म्हणून वेगळ्या खुणा बघाव्या लागतात. नातवंडांशी बोलण्यात, आवडीच्या मालिकेत, कशातच मन लागत नाही. "माझ्यामुळे तुम्हां सगळ्यांना त्रास" हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. उपचार सोडून देण्याची भाषा सुरू होते. दोन आठवडे असं चाललं, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना ते आपणहून सांगायला हवं. समुपदेशन आणि औषध, दोन्हींचा उपयोग होतो.

त्या दिवसांत आधार कशाचा होता? उपदेशापेक्षा नेमक्या माहितीचा. 25 मार्च 2020 ला केंद्र सरकारनं फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याची नियमावली जाहीर केली. मग डॉक्टर फोनवरून सांगू शकले, की तुमची तपासणी महिनाभर पुढे गेली तरी चालेल. किंवा तुमची केमो थांबवता येणार नाही, या दिवशी या. लांबची का होईना, तारीख मिळाली. ताप आला तर कुणाला फोन करायचा, हे कळलं. उत्तर नकोसं असलं तरी चालतं. उत्तरच नसणं माणसाला खातं.

महासाथ ओसरली. पण पूर येतात, रस्ते बंद होतात, संप होतात, आणि तारखा तेव्हाही चुकतात. म्हणून आपल्या घरात किंवा शेजारी असा रुग्ण असेल, तर दोन गोष्टी करा. उपचार लांबला, तर पुढची तारीख आणि विभागाचा फोन नंबर त्याच दिवशी विचारून कागदावर लिहून ठेवा. आणि रुग्णाला विचारा, "आज कशाची काळजी वाटतेय?" मग धीर द्यायची घाई न करता ऐका. मन फारच खचलं असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येतं. हा क्रमांक आत्ताच लिहून घ्या.