हकीमसाहेबांचे नाव लाभलेले औषध
(गोंडपिपरी येथील पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



सर्पगंधा हे नाव आपल्या जंगलपट्ट्यात नवे नाही. तिची मुळी वैद्य आणि हकीम उन्मादावर, निद्रानाशावर पिढ्यान् पिढ्या देत आले. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे हकीम अजमल खान यांना वाटे की, अशा मुळ्यांची आधुनिक पद्धतीने पारख व्हावी. १९२७ साली ते निवर्तले. जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले डॉ. सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी हे काम पुढे नेले. १९३१ साली त्यांनी या मुळीतून एक शुद्ध द्रव्य वेगळे केले आणि हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्याला ‘अजमलीन’ हे नाव दिले.

पण बाटलीतले स्फटिक काही बोलत नाहीत. ते हृदयावर काय करतात, हे कुणाच्या तरी हृदयाला विचारावे लागते. अशा औषधांसाठी कुत्र्याला भूल देऊन छाती उघडत. हृदयाच्या वरच्या कप्प्यावर बचनागाचे विष लावले की ठोके सैरावैरा धावू लागत. मग शिरेतून औषध द्यायचे आणि ठोके ताळ्यावर येतात का, हे विद्युत्-आलेखावर पाहायचे. अजमलीन हृदयाच्या पेशींत शिरणारे सोडियम अडवते, त्यामुळे विजेची लाट मंदावते. मात्रा चुकली तर तेच औषध ठोके बिघडवते. म्हणून मुळी कुटून घरच्या घरी छातीच्या धडधडीवर घेऊ नका. तिच्यात रक्तदाब उतरवणारे रिसर्पीनही असते.

हे सारे मी वर्गात सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, त्या कुत्र्याचा काय गुन्हा?”

गुन्हा काहीच नाही, बेटा. दुसरे उत्तर मजजवळ नव्हते. १९६० चा आपला कायदा सांगतो की, प्राण्याला भूल द्यावी, आणि लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये. पण अडचण अशी की, उंदराचे हृदय मिनिटाला सहाशेच्या आसपास ठोके देते, आपले सत्तर-बहात्तर. त्याच्या हृदयातील विजेची चालही निराळी. म्हणून ससा, गिनीपिग आणि कुत्रा यांची सुटका होत नाही.

बरे, प्राण्यांची साक्ष तरी पुरती असते का? अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना फ्लेकेनाइड व एन्केनाइड ही औषधे दिली होती. ती जादा ठोके उत्तम दाबत. १९८९ साली निष्कर्ष आला: औषध घेणाऱ्यांत मृत्यू दुपटीहून अधिक! आलेख सुधारला, माणसे दगावली. प्राण्यांवरील कसोटीनंतर माणसांवरही सावध, मोजूनमापून चाचणी का लागते, ते यावरून कळेल.

अजमलीन आज काही देशांत ब्रुगाडा नावाचा दडलेला हृदयदोष उघडा पाडण्यासाठी, इस्पितळातच, शिरेतून देतात. आणि प्रयोगशाळांत मानवी मूळपेशींपासून वाढवलेल्या हृदयपेशी काचेच्या बशीत धडधडतात. त्यांच्यावर औषधे तपासली जाऊ लागली आहेत. कुत्र्याची जागा त्यांनी अजून पूर्ण घेतलेली नाही.

ती मुलगी या वर्षी विज्ञान शाखेत जाणार म्हणते. चंद्रपूरला पाठवावे की नाही, यावर घरी खल चालू आहे. तिचे वडील आज या सभागृहात बसले आहेत.