औषधाची चिठ्ठी जपून ठेवा
(पालक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, एक सामान्य शिक्षक आहे. तरी आज औषधाविषयी बोलणार आहे, कारण माझ्याच वर्गातील एका मुलामुळे मला हा धडा मिळाला.

त्या मुलाला फिट येत असे, म्हणून फेनिटॉइनच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांनी ताप आला, चेहरा सुजला, अंगभर लाल पुरळ उठले. घरच्यांना वाटले, गोवर असेल. चार दिवस घरगुती उपायांत गेले. डोळे पिवळे दिसू लागले तेव्हा रुग्णालय गाठले. डॉक्टरांनी विचारले, "गेल्या दोन महिन्यांत कोणते नवे औषध सुरू केले?" कोणालाच नाव सांगता येईना. शेवटी चिठ्ठी त्याच्या दप्तरात सापडली.

या आजाराला डॉक्टर 'ड्रेस' म्हणतात. नेहमीची ॲलर्जी बहुधा काही तासांत किंवा दिवसांत उठते. ही मात्र साधारण दोन ते आठ आठवड्यांनी. त्यामुळे औषधावर संशयच जात नाही. पुरळ कातडीवर दिसते, पण आत यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, प्रसंगी हृदयही सापडते. हा आजार जिवावरही बेततो.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे कारण ठरलेले औषध ताबडतोब बंद करणे. मग यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या पुन्हापुन्हा होतात. अवयवांना जास्त इजा असेल तर स्टिरॉइड देतात आणि त्याची मात्रा कित्येक आठवडे, कधी महिने, हळूहळू उतरवतात. बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडले तर आजार उलटतो. ते औषध पुन्हा आयुष्यात घ्यायचे नाही. फेनिटॉइन बाधले तर कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटोन ही त्याची भावंडेही बाधू शकतात.

युरिक ॲसिडवरील ॲलोप्युरिनॉल, कुष्ठरोगावरील डॅप्सोन, सल्फाची औषधे यांनीही हे घडते. मासिक पाळीच्या दुखण्यावर मुली सर्रास घेतात त्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये हाच इशारा दिला.

याचा अर्थ औषधाला घाबरा असा नव्हे. ही औषधे लाखो लोकांना गुणकारी ठरतात. फिटची गोळी तर मनाने कधीच बंद करू नका. माझे मागणे एवढेच : प्रत्येक औषधाची चिठ्ठी जपा. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. नवे औषध सुरू झाल्यावर ताप, पुरळ आणि चेहऱ्यावर सूज दिसली, तर त्याच दिवशी चिठ्ठीसह रुग्णालयात जा. औषध बाधल्याची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर आपणही करू शकता.

तो मुलगा आता शाळेत येतो. त्याच्या कंपासपेटीत एक कागद आहे. न चालणाऱ्या औषधांची नावे त्याने स्वतः सुवाच्य अक्षरांत लिहिली आहेत. आपल्या घरीही असा एक कागद असावा, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द पुरे करतो.