ध्रुवसमुद्रातील वनस्पती आणि डॉ. अदिती पंत
(लोटे येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



ध्रुवप्रदेश म्हटला की बर्फ, अस्वल आणि सहा महिन्यांची रात्र, एवढ्यावरच आपला भूगोलाचा पाठ संपतो. त्या बर्फाखालच्या समुद्रातही वनस्पती वाढतात, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. अशा सूक्ष्म वनस्पतींच्या अभ्यासात आयुष्याची अनेक वर्षे वेचलेल्या विदुषी म्हणजे १९४३ साली नागपुरास जन्मलेल्या डॉ. अदिती पंत.

पुणे विद्यापीठाच्या या पदवीधर विद्यार्थिनीच्या हाती अ‍ॅलिस्टर हार्डी यांचा सागरजीवनावरील ग्रंथ पडला आणि तिची वाट ठरली. पुढे हवाई व लंडन येथे उच्च शिक्षण झाले. १९७३ पासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत संशोधन सुरू झाले. डिसेंबर १९८३ मध्ये तिसऱ्या भारतीय मोहिमेबरोबर त्या अंटार्क्टिकास निघाल्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या अशा मोहिमेतून तेथे गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ होत. ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणे याच मोहिमेत उभे राहिले.

तेथील समुद्रात बर्फाच्या तळाला चिकटून एकपेशीय शैवाल वाढते. उन्हाळ्यात बर्फ वितळला की ते पाण्यात सुटते. त्यावर क्रिल हे कोळंबीसारखे जीव पोसतात आणि क्रिलवर पेंग्विन, सील व अजस्र देवमासे. बर्फाचे वेळापत्रक बिघडले तर या साखळीचा पहिलाच दुवा हलतो. उत्तर ध्रुवाकडे १९७९ पासून उपग्रहांनी ठेवलेल्या नोंदींत उन्हाळी सागरी बर्फ एकंदरीत घटताना दिसतो. तिकडच्या अभ्यासासाठी भारताचे ‘हिमाद्री’ ठाणे २००८ पासून आहे.

लोट्याच्या मुलास हे परके वाटण्याचे कारण नाही. दाभोळ खाडीतील मासळीचे अन्नही अखेर अशाच सूक्ष्म वनस्पतींपासून येते. कारखान्यांच्या सांडपाण्याने मासळी घटली, ही खाडीकाठच्या मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. वर्गात मात्र एका मुलाचा बाप कारखान्यात कामास असतो, तर दुसऱ्याचा जाळे टाकणारा. तेथे निवाडा देणे हे शिक्षकाचे काम नव्हे; पाणी दाखवणे हे आहे. खाडीचे पाणी काचेच्या बरणीत भरावे, तोंडास फडके बांधावे आणि बरणी उजेडात, परंतु कडक उन्हाबाहेर ठेवावी. काही दिवसांत काचेवर तपकिरी-हिरवट थर धरू लागतो. तो अलगद खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा आणि जे आकार दिसतील ते मुलांकडून वहीत काढून घ्यावेत. नावे मागाहून सांगितली तरी चालतील.