उणे आलेलं उत्तर खोडू नका



भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कुणालाही विचारा, एक गोष्ट हमखास सांगेल. सूत्र बरोबर असतं, किमती बरोबर भरलेल्या असतात, गुणाकार-भागाकार चोख असतो आणि तरी उत्तर चुकलेलं असतं. शोधायला गेलं की चूक एका आडव्या रेघेपाशी सापडते. मग मुलं म्हणतात, ‘बाकी सगळं आलं होतं, नुसतं चिन्ह चुकलं.’ घरचेही तसंच समजावतात. ही समजूत मला घातक वाटते, आणि ती का घातक वाटते ते सांगायला मी आज उभा आहे.

माझं म्हणणं आधीच मांडतो. भौतिकशास्त्रातल्या बहुतेक गणितांत अधिक-उणे चिन्हात एक निर्णय नोंदलेला असतो. कोणती दिशा धन मानायची, कोणती बाजू ऋण मानायची, हा तो निर्णय. तो गणिताला हात घालण्यापूर्वी घ्यायचा, मध्येच बदलायचा नाही, आणि शेवटी जे चिन्ह हाती येईल त्याचा अर्थ लावायचा. तिसरी गोष्ट आपल्याकडे जवळजवळ कुणी शिकवतच नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. २५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीच्या कडेवरून एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. परत येताना तो गच्चीला न लागता थेट जमिनीवर पडतो. फेकल्यापासून किती सेकंदांनी पडेल? गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरू आणि हवेचा विरोध सोडून देऊ.

सूत्र आठवण्याआधी वहीच्या कोपऱ्यात वर तोंड केलेला एक बाण काढा आणि त्याच्याशेजारी अधिक चिन्ह लिहा. वरची दिशा धन. अंतर गच्चीपासून मोजायचं. एवढं ठरलं की बाकीची चिन्हं आपोआप पडतात. फेकण्याचा वेग वर, म्हणून +२०. त्वरण खाली, म्हणून −१०. जमीन गच्चीच्या खाली, म्हणून −२५.

बहुतेक विद्यार्थी घसरतात ते इथेच. चेंडू वर जाताना त्वरण ऋण आणि खाली येताना धन, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण चेंडू वर जात असो, खाली येत असो किंवा सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबलेला असो, पृथ्वी त्याला खालीच ओढते. आपण वरची दिशा धन धरली आहे तोवर त्वरण सगळा वेळ −१० च राहणार.

आता क्ष सेकंद लागले असं मानलं तर समीकरण होतं: −२५ = २०क्ष − ५क्ष². पाचाने भागून एका बाजूला मांडलं की क्ष² − ४क्ष − ५ = ०. या वर्गसमीकरणाची मुळं दोन, ५ आणि −१.

वर्गात या ठिकाणी एक ठरलेलं वाक्य लिहिलं जातं: ‘काळ ऋण असू शकत नाही, म्हणून −१ ही किंमत त्याज्य.’ आणि त्यावर एक तिरकी रेघ. उत्तर ५ सेकंद, पूर्ण गुण. माझं त्या रेघेशी भांडण आहे. चेंडू हातातून सुटला तो क्षण आपण शून्य धरला. मग −१ म्हणजे त्याच्या एक सेकंद आधीचा क्षण. त्यात अशक्य काय आहे? समीकरणाला फेकणारा हात ठाऊक नाही. त्याला एवढंच सांगितलेलं आहे की एक वस्तू गुरुत्वाच्या ओढीखाली आहे आणि शून्य क्षणी गच्चीपाशी वरच्या दिशेने २० च्या वेगाने चालली आहे. अशी वस्तू जमिनीच्या पातळीवर केव्हा असेल, असं आपण विचारलं. समीकरण म्हणतं, एकदा पाच सेकंदांनंतर, आणि एकदा एक सेकंद आधी.

पडताळून बघा. कुणीतरी तोच चेंडू जमिनीवरून सेकंदाला ३० मीटर वेगाने वर फेकला असता तर एका सेकंदात तो ३० − ५ म्हणजे २५ मीटर चढला असता, आणि त्याचा वेग ३० − १० म्हणजे २० उरला असता. बरोबर गच्चीच्या उंचीवर, बरोबर आपल्या वेगाने! आपल्या प्रश्नापुरतं ५ हेच उत्तर घ्यायचं, कारण आपला चेंडू शून्य क्षणाआधी हातात होता. पण −१ हे चुकीचं उत्तर नाही. न विचारलेल्या एका प्रश्नाचं ते अचूक उत्तर आहे. पाचव्या सेकंदाचा वेगही काढून ठेवा: २० − ५० = −३०. चेंडू जमिनीवर येतो तो ३० च्याच वेगाने, फक्त खालच्या दिशेने. खोडलेल्या मुळाकडे नीट पाहिलं असतं तर हे गणित न करताच कळलं असतं.

याच गणितात आणखी एक गैरसमज सुटतो. त्वरण ऋण म्हणजे मंदन, असं अनेकांनी पाठ केलेलं असतं. पहिल्या दोन सेकंदांत वेग धन आणि त्वरण ऋण, तिथे चाल कमी होते. पण पुढच्या तीन सेकंदांत वेगही ऋण आणि त्वरणही ऋण, आणि चाल शून्यापासून ३० पर्यंत वाढते. नियम असा: वेग आणि त्वरण यांची चिन्हं सारखी असली की चाल वाढते, वेगळी असली की कमी होते. एकट्या त्वरणाच्या चिन्हावरून काही ठरत नाही.

कुणी म्हणेल, मी खालची दिशा धन धरतो. जरूर धरा. मग वेग −२०, त्वरण +१०, अंतर +२५ होईल. तिन्ही चिन्हं एकदम उलटतील, समीकरण तेच येईल आणि मुळंही तीच. निवड करण्याचं स्वातंत्र्य पूर्ण आहे. अर्ध्या वाटेत ती बदलण्याचं मात्र अजिबात नाही.

ऋण उत्तराचा असा अर्थ लावण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजा, वजाबाक्या आणि गुणाकारांचे नियम ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये भिल्लमाळ इथे लिहिलेल्या ब्रह्मस्फुटसिद्धान्तात सापडतात. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन, हा नियमही त्यात आहे. पण आज मला सांगायचं आहे ते भास्कराचार्यांबद्दल. त्यांचा जन्म १११४ चा. त्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून नातू चांगदेवाने मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.

लीलावती या ग्रंथात त्यांनी एक त्रिकोण दिला आहे. पाया ९, उरलेल्या बाजू १० आणि १७. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला तर पायाचे जे दोन भाग होतात, त्यांना ते आबाधा म्हणतात. त्या काढायच्या. रीतीने गणित केलं की एक आबाधा येते १५ आणि दुसरी −६. नऊच्या पायाचा एक भाग पंधरा आणि दुसरा उणे सहा! घाबरलेला माणूस इथे गणित चुकलं म्हणेल. भास्कराचार्यांनी तसं केलं नाही. ऋण आबाधा म्हणजे उलट दिशेची आबाधा, असं त्यांनी सांगितलं. आकृती काढून पाहा. लंब पायावर पडतच नाही, पाया सहा एककं बाहेर वाढवला की तिथे पडतो. लंबाची लांबी दोन्ही बाजूंनी ८ च येते, कारण १०० − ३६ = ६४ आणि २८९ − २२५ = ६४. क्षेत्रफळ ३६.

त्यांच्याच बीजगणित या ग्रंथात एक माकडांचं गणित आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे उरतं त्याच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतं आहे, तर कळप किती? उत्तरं दोन, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले सात, सातचा वर्ग ४९, अधिक एक ५०. पाचचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले −२, वर्ग ४, अधिक एक ५. आकड्यांत दोन्ही बसतात. तरी भास्कराचार्य पाच स्वीकारत नाहीत, कारण एका माकडातून तीन माकडं वजा कशी करायची? एका गणितात ऋण संख्या त्यांनी घेतली, दुसऱ्यात नाकारली, आणि दोन्ही वेळा कारण दिलं. वर्गातल्या त्या तिरक्या रेघेत नेमकं हे कारणच गायब असतं.

आता चष्म्याकडे वळू. इथे बसलेल्या अनेकांचा नंबर मायनस दोन असेल. तो उणे म्हणजे भिंग अंतर्वक्र आहे एवढीच खूण. शक्ती −२ डायॉप्टर म्हणजे नाभीय अंतर −५० सेंटिमीटर. या भिंगासमोर ५० सेंटिमीटरवर एक वस्तू ठेवली. प्रतिमा कुठे पडेल?

सूत्र तुम्हाला माहीत आहे: प्रतिमेच्या अंतराचा व्यस्त वजा वस्तूच्या अंतराचा व्यस्त बरोबर नाभीय अंतराचा व्यस्त. चिन्ह संकेतानुसार प्रकाश डावीकडून येतो, वस्तू भिंगाच्या डावीकडे, म्हणून तिचं अंतर −५०. मग प्रतिमेच्या अंतराचा व्यस्त होतो −१/५० आणि −१/५० यांची बेरीज, म्हणजे −१/२५. प्रतिमा −२५ सेंटिमीटरवर, वस्तूच्याच बाजूला, आभासी. आता विद्यार्थ्याने वस्तूचं अंतर +५० घातलं तर? बेरीज शून्य येते आणि प्रतिमा थेट अनंत अंतरावर जाते. एका रेघेने पाव मीटरचं अनंत केलं. ‘नुसतं चिन्ह चुकलं’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

या चुकीचं मूळ असं की एकाच रेघेला आपण दोन कामं दिली आहेत. सूत्रातलं ‘वजा’ ही क्रिया आहे, ती कधी बदलत नाही. −५० मधलं ‘उणे’ ही त्या किमतीची बाजू आहे, ती परिस्थितीनुसार बदलते. दोन्ही शेजारी आली की कंस घालून लिहा, एकीचा बळी देऊ नका. अक्षरांच्या बाबतीत तर जास्तच सावध राहा. −क्ष ही संख्या ऋणच असेल असं नाही. क्ष स्वतः −७ असेल तर −क्ष म्हणजे +७.

बारावीच्या मुलांची खरी कसोटी उष्मागतिकीत लागते. भौतिकशास्त्राचं पुस्तक सांगतं, अंतर्गत ऊर्जेतला बदल म्हणजे उष्णता वजा कार्य. रसायनशास्त्राचं पुस्तक सांगतं, उष्णता अधिक कार्य. एकाच निसर्गाचे दोन नियम कसे? नियम एकच आहे. भौतिकशास्त्रात वायूने केलेलं कार्य धन धरतात. वाफेच्या इंजिनाचा विचार करणाऱ्यांना आपल्या हाती किती कार्य आलं ते हवं होतं. रसायनशास्त्रात वायूवर केलेलं कार्य धन धरतात. वायूला ५०० ज्यूल उष्णता दिली आणि त्याने २०० ज्यूल कार्य केलं, तर एकीकडे ५०० − २०० आणि दुसरीकडे ५०० + (−२००). दोन्हीकडे ३००.

विद्युतधारेचंही तसंच. कोणत्या प्रभाराला धन म्हणायचं ते बेंजामिन फ्रँकलिनच्या काळात, १७४७ च्या सुमारास ठरलं. जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला १८९७ मध्ये, आणि तो निघाला ऋण. तारेतून इलेक्ट्रॉन एका दिशेने जातात आणि आपण धारेचा बाण उलट काढतो. तरी परिपथाचं एकही गणित त्यामुळे चुकत नाही, कारण सगळे एकच संकेत पाळतात.

पण सगळीच चिन्हं आपल्या मर्जीची नसतात. स्प्रिंग उजवीकडे ताणली की तिचं बल डावीकडे असतं, म्हणून बल आणि विस्थापन यांच्या नात्यात उणे चिन्ह येतं. उजवीऐवजी डावी दिशा धन धरा, दोन्ही राशींची चिन्हं उलटतील आणि मधलं उणे जागच्या जागी राहील. ते निसर्गाचं चिन्ह आहे. ते अधिक असतं तर जराशी ताणलेली स्प्रिंग स्वतःहून ताणली जात राहिली असती. प्रवर्तित विद्युतधारेबद्दलच्या लेंझच्या नियमातलं उणेही याच जातीचं, त्यामागे ऊर्जेची अक्षय्यता उभी आहे. कुठलंही चिन्ह दिसलं की स्वतःला विचारा: मी बाण उलटा काढला तर हे बदलेल का? बदलत असेल तर ते माझं, नसेल तर निसर्गाचं.

शेवटी विसाव्या शतकातलं एक उदाहरण. १९२८ मध्ये पॉल डिरॅकने इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं. सापेक्षतेत ऊर्जेचा वर्ग येतो, आणि वर्गमूळ घेतलं की अधिक आणि उणे अशा दोन किमती निघतात. ऋण ऊर्जेचा इलेक्ट्रॉन ही कल्पना विचित्र होती. ती खोडण्याची मुभा डिरॅकने घेतली नाही. आधी त्याला वाटलं, याचा संबंध प्रोटॉनशी असावा. ते जुळेना, तेव्हा १९३१ मध्ये त्याने सांगितलं की इलेक्ट्रॉनच्याच वस्तुमानाचा, पण धन प्रभाराचा कण असला पाहिजे. पुढच्याच वर्षी कार्ल अँडरसनला मेघकोष्ठाच्या छायाचित्रात चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या उलट बाजूला वळलेला माग सापडला. तो पॉझिट्रॉन. आज कर्करोग कुठवर पसरला आहे हे पाहण्यासाठी जो पेट स्कॅन करतात, तो याच कणावर चालतो.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. गणितात दिशेचा बाण आणि आरंभबिंदू लिहिण्याला एक गुण ठेवा; गुण असेल तर सवय लागेल. ‘त्याज्य’ हा शब्द एकटा स्वीकारू नका, का त्याज्य ते एका वाक्यात लिहून घ्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, उत्तर उणे आलं की पहिल्यांदा आकृतीकडे परत जा. मांडणी चुकली असेल तर तिथेच कळेल. मांडणी बरोबर असेल, तर त्या उत्तराने तुम्हाला न विचारलेलं काहीतरी सांगितलेलं असेल, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढच्या गणिताला हात घालू नका.