नदीवरच्या बर्फाचे दिवस

तापीला पूर माहीत आहे, बर्फ नाही. पृथ्वीच्या एक तृतीयांशाहून अधिक भूभागाचे पाणी मात्र हिवाळ्यात गोठणाऱ्या नद्यांतून वाहते. तळे वरच्या थरापासून गोठते. नदीचा प्रवाह पाणी घुसळत राहतो, त्यामुळे तळापर्यंतचे पाणी शून्य अंशाला आले की मगच त्यात बर्फाचे बारीक कण धरतात. ते एकमेकांना चिकटतात, काठाचा बर्फ आत सरकतो आणि पात्र झाकले जाते. हवा उबदार राहिली की नदी उशिरा गोठते आणि लवकर मोकळी होते.

किती लवकर, याची उत्तम नोंद एका पैजेमुळे राहिली, आणि पैज लावणारी मंडळी रेल्वेची होती! अलास्कातील नेनाना गावी तानाना नदीवरचा बर्फ कधी फुटेल, यावर रेल्वेच्या अभियंत्यांनी १९१७ साली पैसे लावले. ती पैज अजून चालते. बर्फावर लाकडी तिवई रोवून तिची तार काठावरच्या घड्याळाला जोडतात; तिवई वाहू लागली की घड्याळ थांबते. शंभर वर्षांत २० एप्रिलच्या आधी ते कधी थांबले नव्हते. २०१९ साली १४ एप्रिललाच थांबले. उपग्रहचित्रांवरून केलेला, २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की जगाचे सरासरी तापमान एक अंशाने वाढले तर नद्यांवरचा बर्फ सरासरी सहा दिवस कमी टिकतो.

सायबेरियातील लेना नदीवर हिवाळ्यात ट्रक धावतात. बर्फ पातळ असेल तर ट्रक जात नाही आणि होडीही चालत नाही. ही नदी उत्तरेकडे वाहते, त्यामुळे वरच्या अंगाचे पाणी सुटते तेव्हा खालचे पात्र गोठलेलेच असते. फुटलेले तुकडे अडकून बांध घालतात. मे २००१ मध्ये लेन्स्क शहर असेच बुडाले. तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी काठच्या गावांना इशारा देता येतो; या बांधाला दरवाजे नसतात. तो फोडायला विमानांतून बॉम्ब टाकावे लागले. उष्णतेने असे पूर सगळीकडे वाढतीलच असे नाही. बर्फ जागीच विरला तर पाणी तुंबत नाही. भर हिवाळ्यात पाऊस पडून तो फुटला, तर तुंबते.

लडाखमध्ये खिंडी बंद झाल्या की झंस्कारचे लोक गोठलेल्या नदीवरून लेहकडे जात. त्या बर्फाला ‘चादर’ म्हणतात. महाराष्ट्रातील गिर्यारोहक हौसेने तिच्यावर चालायला जातात. चादर एकसंध कधीच नसते. ती तुटली की काठचा कडा चढून पुढे जावे लागते, आणि कडा चढता येण्याजोगा नसेल तर तिथून मागे फिरावे लागते.