कर्णाच्या मैत्रीचं कौतुक पुरे

कळंबकर मंडळी,

सकाळपासून या मंचावर कर्णाच्या मैत्रीचे पोवाडे चाललेत. कुणी ‘मृत्युंजय’ आणला, कुणी ‘राधेय’. टाळ्याही भरपूर पडल्या. अध्यक्षाने चार गोड शब्द बोलून समारोप करायचा असतो. मला ते जमणार नाही.

द्यूतसभेत दुर्योधनाचा भाऊ विकर्ण उठला आणि द्रौपदीला पणाला लावणंच गैर आहे, असं भर सभेत म्हणाला. त्याला पोरसवदा ठरवून गप्प कुणी केलं? कर्णाने. द्रौपदीला कुलटा म्हणून तिची वस्त्रं ओढायला दुःशासनाला सांगितलं, तेही त्यानेच. भावाला जे बोलता आलं, ते मित्राला का बोलता आलं नाही?

शिवाजी सावंतांनी १९६७ साली ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांना बोलतं केलं. खटला कर्णाचा आणि साक्षीदार सगळे घरचे! आई, बायको, भाऊ, मित्र. कृष्णाला त्रयस्थ म्हणावं, तर तोही मामेभाऊच. जिच्यावर प्रसंग गुदरला, त्या द्रौपदीच्या वाट्याला एकही प्रकरण नाही. सावंतांच्या भाषेने भारून जायला होतं, हे मान्य. पण भारलेला माणूस उलटतपासणी घेत नाही.

रणजित देसाईंचं ‘राधेय’ १९७३चं. ते युद्ध संपल्यावर, गंगेकाठी सुरू होतं. कुंती सत्य सांगते आणि युधिष्ठिर हादरतो. म्हणजे अपराधी वाटून घ्यायचं काम पहिल्याच पानांत दुसऱ्यांच्या गळ्यात पडलं.

व्यासांनी ही सवलत दिलेली नाही. उद्योगपर्वात कर्ण स्वतःच कृष्णाला सांगतो, की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना लागेल असं बोललो आणि त्याने आज मी पोळतोय. (या कबुलीतही द्रौपदीचं नाव नाही, बरं का!) एवढं उमगूनही तो दुर्योधनाला सोडत नाही. मला हा कर्ण मोठा वाटतो आणि त्याची भीतीही वाटते. तुमच्या पोवाड्यातला कर्ण त्याच्यापुढे फार सोपा आहे.

आणि तुम्ही तर चिंतामणीच्या गावचे! अहल्येशी कपट करणाऱ्या इंद्राला शापातून सुटायला इथे यावं लागलं, ही आख्यायिका तुम्हीच पाहुण्यांना सांगता. ब्राह्मणाच्या वेषात कर्णाची कवचकुंडलं मागून नेणारा हाच इंद्र. देवाला तुम्ही प्रायश्चित्त घ्यायला लावलंत आणि कर्णाला मैत्रीच्या नावावर सोडून दिलंत.

हे जुनं पुराण आहे, असं समजू नका. यवतमाळ इथून किती दूर आहे? जानेवारी २०१९ मध्ये तिथे ९२वं साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. काही विकर्ण तेव्हा उठले. बाकीची किती तोंडं ‘आयोजक आपलीच माणसं आहेत’ म्हणून मिटलेली राहिली?

माझी एकच मागणी आहे. पुढच्या वर्षी इथे स्पर्धा ठेवा: ‘मृत्युंजय’मध्ये नसलेलं द्रौपदीचं प्रकरण लिहा. आणि परीक्षक नेमताना दुर्योधनाचे दोस्त तेवढे वगळा.