पवनीच्या मातीखालचे स्तूप

घनदाट जंगलातली माया लोकांची प्राचीन नगरं पाहायला पर्यटक थेट मेक्सिको, ग्वाटेमाला गाठतात. आपल्या भंडारा जिल्ह्यातही असंच एक प्राचीन नगर आहे, वैनगंगेकाठची पवनी. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात जाणाऱ्यांनी थोडी वाट वाकडी करून ती जरूर पाहावी.

जुन्या पवनीच्या तीन बाजूंना मातीचा तट आणि खंदक, तर चौथ्या बाजूला नदी. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथे उत्खनन केलं. प्रा. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली जगन्नाथ टेकडीखालून सुमारे 38 मीटर व्यासाचा विटांचा बौद्ध स्तूप उजेडात आला. सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही हा व्यास थोडा जास्तच! इथल्या एका शिल्पात मुचलिंद नाग कोरला आहे. मुसळधार पावसात बुद्धांवर फणा धरणारा तो हाच, आणि ब्राह्मी लिपीत त्याचं नावही कोरलेलं आहे.

पवनीला जाल तेव्हा एकही वीट, एकही खापर उचलू नका. कोणती वस्तू कोणत्या थरात सापडली, यावरूनच तिचा काळ ठरतो. जागेवरून हललेली वीट आपला इतिहास सांगू शकत नाही.